दोन नंबरच्या मालाच्या वकीलबाई

वानखडेबाईंनी माझी मुलाखत घेतली तेव्हा कायद्यातलं एक अक्षरही विचारलं नाही. मी फाइल छातीशी धरून दारात उभी होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जेवून आली का?"

मी हो म्हणाले. खरं तर मी सकाळच्या एसटीने बुलडाण्याहून काहीही न खाता निघाले होते. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, टेबलाखालच्या पिशवीतून कचोरीचा पुडा काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पहिल्याच प्रश्नाले चुकीचा जबाब," त्या म्हणाल्या. "समोरच्याले बरं वाटावं म्हणून मानूस हो म्हनते, अन् मंग वर्षभर निस्तरत बसते. माझं सारं दुकान त्याच्यावरच चालते, पोरी. खाय."

मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. खाली दिवसभर पत्रे कापण्याचा आवाज, वर करांच्या नोटिसा. आगगाडी जवळून गेली की काचेच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं थरथरायची. बाई तेवढा वेळ बोलणं थांबवायच्या, तोंड अर्धवट उघडं ठेवून, आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. नव्या अशिलाला वाटायचं, बाईंना काहीतरी झालं.

बुटक्या, रुंद, अंगावर कायम काळा कोट आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर मऊ होतं, तेव्हाही कोट निघायचा नाही. तो का घालता, असं मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा कुणालाच काही विचारत नसे. पण एकदा एका व्यापाऱ्यानेच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "याच्यात खिसे आहेत. साडीले कोणी खिसे ठेवले?"

स्वतःबद्दल बोलताना त्या 'मी येतो', 'मी सांगतो' असंच म्हणायच्या. आमच्या भागातल्या बायका तशाच बोलतात. माझी आजीही तशीच बोलायची, आणि माझ्या इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मला तिला स्वयंपाकघरात पाठवावंसं वाटायचं. बाई तर अपिलाच्या सुनावणीतसुद्धा 'मी सांगतो साहेब' म्हणायच्या, आणि साहेब ऐकून घ्यायचे.

अशील यायचे ते घाबरलेले. सरकीचे व्यापारी, डाळमिलवाले, ट्रान्सपोर्टवाले, शेगावचे लॉजवाले. कुणी 'जयभीम' म्हणत यायचा, कुणी 'राम राम', कुणी 'जय गजानन', कुणी 'सलाम'. बाई ज्याला त्याच्याच नमस्काराने उत्तर द्यायच्या आणि सगळ्यांना एकच सांगायच्या: कागद खाली ठेवा, आधी बोला. निम्म्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मॅडम, काही सेटिंग होईल का?"

"सेटिंग कूलरले असते," बाई म्हणायच्या. "इथं उत्तर असते."

बोगस बिलं फाडणाराही कधी यायचा. त्याला त्या एवढंच विचारायच्या, "माल कुठं गेला?" तो इकडेतिकडे बघायला लागला की समजायचं, माल नव्हताच. मग बाई त्याला शांतपणे सांगायच्या, की खोटं बिल खरं करायची मशीन मलकापुरात तरी मिळत नाही. नोटीस यायच्या आत स्वतःहून कर आणि व्याज भर, दंड कमी लागेल, मी सोबत येतो. बरेच जण जिना उतरून जायचे ते कायमचेच. काही जण आठवड्याने बायकोला किंवा आईला घेऊन परत यायचे. बाई त्यांना ओळखच नसल्यासारखं पुन्हा पहिल्यापासून ऐकायच्या.

ज्याला जबाबासाठी समन्स आलेलं असे, त्याची तालीम व्हायची. बाई अधिकारी व्हायच्या आणि खुर्ची फिरवून बसायच्या. अशील समोर. आमच्या माणसांना एक खोड आहे. समोरचा बोलत असला की आपण 'हाव, हाव', म्हणजे 'हो, हो', करत राहतो. ऐकतोय, एवढाच त्याचा अर्थ. पण कागदावर तो 'हाव' कबुली होऊन बसतो. म्हणून टेबलावर शेंगदाण्यांची वाटी असे. अशिलाने उगाच 'हाव' म्हटलं की बाई एक शेंगदाणा तोंडात टाकायच्या. एकदा एका डाळमिलवाल्याच्या तालमीत पूर्ण वाटी संपली आणि बाईंनी मला खालून आणखी आणायला पाठवलं.

"मी खोटं बोलायले शिकवत नाही," त्या त्याला सांगत होत्या. "खरं बोलायलेच शिकवतो. तेही शिकावं लागते. साहेबानं काही विचारलं की पहिले पाणी प्यायचं. घोटभर. मंग आठवायचं. मंग बोलायचं. अन् उपाशीपोटी जायचं नाही. उपाशी मानूस लवकर घरी जाता यावं म्हणून कशालेही कबूल होते."

शेगावच्या एका लॉजमालकाची गोष्ट त्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जायची. हा गृहस्थ भर दुपारी धापा टाकत जिना चढून आला. शर्टाच्या खिशात फोन, आणि तो खिसा त्याने तळहाताने झाकून धरलेला. त्याने खुणेनेच सांगितलं, फोन चालू आहे. कर खात्याचा कुणी मोठा साहेब लाइनवर होता. तुमच्यावर करचुकवेगिरीचा गुन्हा आहे, पैसे पाठवा, नाहीतर अटक. आणि फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. हा बिचारा खरोखरच फोन न ठेवता शेगावहून गाडीत बसून मलकापूरला आला होता. वाटेत टीसीशीसुद्धा बोलला नव्हता.

बाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला. "नमस्कार साहेब, मी यांची वकील बोलतो. तुमच्या नोटिशीचा नंबर सांगा. प्रत्येक नोटिशीवर असते."

पलीकडून दरडावणं ऐकू आलं. बाईंनी फोन कानापासून लांब धरला, दरडावणं संपू दिलं आणि विचारलं, "बरं, कलम कोणतं लावलं?"

"चारसौ बीस," पलीकडचा माणूस म्हणाला.

"ते तर तुमचं झालं साहेब," बाई म्हणाल्या. "यांचं सांगा."

फोन बंद झाला. लॉजमालक आधी रडला आणि मग इतका हसला की खालचा हार्डवेअरवाला वर बघायला आला. हसणं ओसरल्यावर बाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता आलाच आहात तर सांगा, मागच्या दिवाळीपासून रिटर्न काऊन नाही भरलं?" त्यांच्या ऑफिसातून नुसतं हसून कुणी परत जात नसे.

रामेश्वरभाऊ आले ते मात्र बरेच दिवस हसले नाहीत.

धामणगाव बढ्याच्या रस्त्याला त्यांची छोटी जिनिंग मिल. कापूस घ्यायचा, सरकी काढायची, रुईच्या गाठी विकायच्या. सोबत त्यांची बायको सुमनताई. बोलायचं काम ताईंचं, मान हलवायचं भाऊंचं. ताईंनी सांगितलं ते असं. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा कर घेणाऱ्याने भरायचा असतो. भाऊंच्या हिशेबात कापसाचा भाव बाजारापेक्षा बराच कमी दिसला. तपासाच्या अधिकाऱ्यांना शंका आली, की भाव कागदावर कमी दाखवून उरलेले पैसे रोखीने दिले आणि तेवढा कर बुडवला. त्यांनी भाऊंना बोलावलं, जबाब घेतला. त्या जबाबात भाऊंनी गुन्हा कबूल केला होता. सही होती. आता कराची नोंदणी स्थगित, मिल बंद, ऐन हंगाम. कामगार दुसऱ्या मिलकडे निघून चालले होते. कबुली कायम राहिली तर एवढा दंड बसणार होता की मिल विकूनही फिटला नसता, आणि वर खटला.

"गावात यांचं नाव पडलं आता," सुमनताई म्हणाल्या. "दोन नंबरवाले. चहाच्या टपरीवर जात नाहीत हे. घरात बसून राह्यते मानूस, दिवसभर."

बाईंनी भाऊंना विचारलं, की तुम्ही सही कशी केली? भाऊ म्हणाले, साहेब चांगले होते, चहा पाजला, मी जे बोललो तेच लिहिलं असेल म्हणून केली. इंग्रजी होतं.

अकोल्याच्या एका सल्लागाराने त्यांना सांगितलं होतं, की दबाव टाकून सही घेतली असं प्रतिज्ञापत्र करा आणि जबाब मागे घ्या. सगळे तसंच करतात.

"दबाव होता का?" बाईंनी विचारलं.

भाऊंनी खूप वेळ विचार केला. "नाही जी. बिस्कुटं बी होती."

"मंग दबाव होता म्हणून कायले लिहू? बिस्किटं देणाऱ्या मानसावर खोटा आळ घ्यायचा?" बाई उठून खिडकीशी गेल्या. "साहेब खोटा नाही. तुम्ही खोटे नाही. मधातच कोणी तरी घुसलं आहे. ते शोधू."

बाईंची एक पद्धत होती, तिला त्या 'उलटा जबाब' म्हणायच्या. इंग्रजीत लिहिलेला जबाब अशिलासमोर पुन्हा मराठीत मोठ्याने वाचायचा, शब्दाला शब्द, काहीही न सुधारता. आपण काय 'बोललो' ते माणसाला आपल्या कानांनी ऐकू यायला हवं. इंग्रजी बाईंनाही चांगलं येत होतं, पण वाचायचं काम त्यांनी मला दिलं होतं, कारण वाचताना त्यांना कागदाकडे नाही, माणसाकडे बघायचं असे.

मी वाचायला लागले. नाव, पत्ता, मिल कधी सुरू झाली. भाऊ सवयीने हाव, हाव करत होते. बाई शेंगदाणे खात होत्या. मग ते वाक्य आलं. मी वाचलं, "माझा भाव कमी आहे कारण मी दोन नंबरचा माल घेतो."

"हाव," भाऊ म्हणाले.

"म्हणजे हिशेबाबाहेरचा माल घेतो, हे मी कबूल करतो."

"हाव," भाऊ म्हणाले, आणि थांबले. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे कोन म्हनलं?"

बाईंचा हात वाटीतच राहिला. "पहिलं वाक्य तुमचं आहे?"

"माझंच आहे ना. दोन नंबरचाच माल घेतो मी. उशिराच्या वेचणीचा. पिवळट राह्यते, किडलेली, घट्ट कवडी राह्यते त्याच्यात, पत्ती राह्यते. एक नंबर मोठे मिलवाले नेतात. आपल्या वाट्याले दोन नंबर. कमीच भावानं येते तो."

सुमनताईंनी कपाळावर हात मारला. "असं म्हनले तुम्ही सायबाले? याच शब्दानं?"

"मंग काय म्हनू? तोच शब्द आहे त्याचा."

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. जवळून गाडी गेली, पुस्तकं थरथरली, पण या वेळी त्या थांबल्या नाहीत. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "लिहून घे. जबाब मागे घ्यायचा नाही. जबाब खरा आहे. आपलं भांडण एका 'म्हणजे'शी आहे. ते 'म्हणजे' यांचं नाही, लिहिणाऱ्याचं आहे."

मला तो मुद्दा फार पातळ वाटला होता. एवढ्या मोठ्या प्रकरणात एक अव्यय. पण बाईंनी उत्तर तसंच लिहिलं. मालाचं वजन, वाहतूक, बँकेतून दिलेले पैसे, सगळं जोडलं. आणि शेवटी मागणी केली, की अशिलाला सुनावणीत समोरासमोर पुन्हा तोच प्रश्न विचारावा.

सुनावणी घेणारे अधिकारी पुण्याकडचे होते. तरुण, नीटनेटके, स्वच्छ बोलणारे. त्यांनी बाईंचं उत्तर वाचलेलं होतं. म्हणाले, "मॅडम, दोन नंबरचा माल म्हणजे काय, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं."

बाईंनी वाद घातला नाही. कोटाच्या एका खिशातून कापसाचा पुंजका काढला, दुसऱ्या खिशातून दुसरा, आणि दोन्ही टेबलावर ठेवले. "साहेब, तुम्ही व्यापारी आहात असं समजा. याले काय भाव द्याल अन् याले काय?"

अधिकाऱ्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग पुंजके उचलले. एक पांढरा, लांब धाग्याचा. दुसरा पिवळसर, त्यात सुकल्या पानाचा चुरा. त्यांनी दोन्ही बोटांनी ओढून पाहिले. ते काम त्यांना आवडलं असावं. बराच वेळ ओढत होते. मग म्हणाले, की याला कमी, हा हलका आहे.

"या हलक्याले आमच्याकडं काय म्हणतात ते यांना विचारा," बाई म्हणाल्या. सोबत बाजार समितीतले एक जुने ग्रेडर आणले होते. कापूस हातात घेऊन प्रत ठरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी लांबूनच बोट दाखवलं, एक नंबर, दोन नंबर, आणि पुन्हा हाताची घडी घातली. त्यांना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं.

मग अधिकारी भाऊंकडे वळले. "तुम्ही दोन नंबरचा माल घेता का?"

भाऊंनी समोरचा पेला उचलला. घोटभर प्यायचं ठरलं होतं, पण ते पीतच राहिले. पेला संपला. त्यांनी तांब्यातून आणखी अर्धा ओतून घेतला आणि तोही प्यायले. अधिकारी पेन धरून थांबलेले. बाई छताकडे बघत होत्या.

"घेतो साहेब," भाऊ म्हणाले. "हलका माल. अन् जेवढ्याले घेतो तेवढ्याचा कर भरतो."

"बरं. मग जो हिशेबाबाहेरचा माल असतो, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

या वेळी भाऊ पाणी प्यायले नाहीत. "त्याले बी दोन नंबरच म्हनतात साहेब," ते म्हणाले. "पन तो करनारा मानूस असं मोठ्यानं सांगते का?"

मग कोपऱ्यात टाइप करत बसलेला कारकून फिसकन हसला, आणि अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. ते म्हणाले, "हे जसंच्या तसं मराठीत लिहा." लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतः भाऊंना वाचून दाखवलं, आणि भाऊ एकदाही हाव म्हणाले नाहीत.

जिना उतरताना बाईंनी भाऊंच्या पाठीत जोरात थाप मारली आणि म्हणाल्या, की माझा जीव गेला होता बे, आता चहा तुझा. मोठ्या माणसाला त्यांनी 'बे' म्हटल्याचं मी तेवढंच ऐकलं. टपरीवर भाऊंनी चहा सांगितला आणि ते सगळ्यांसोबत बाकावर बसले. सुमनताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चहा गार झाला.

आदेश आला त्यात करचुकवेगिरीचा आरोप रद्द झाला होता, नोंदणी परत मिळाली होती. काही विवरणपत्रं उशिरा भरल्याचा दंड मात्र राहिला. भाऊंना वाटलं, बाई त्याविरुद्धही भांडतील. बाई म्हणाल्या, "हे आपलंच आहे. भरा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला नागपूरला काम मिळालं. जायच्या आधी बाईंचा निरोप घ्यायला मी ऑफिसात गेले, तर त्या नव्हत्या. खाली हार्डवेअरवाला म्हणाला, की रामेश्वरभाऊंच्या मिलवर गेल्या, रंग घेऊन गेल्या इथूनच. मी रिक्षा केली.

मिल चालू होती. आतून यंत्रांची घरघर येत होती, आणि फाटकाबाहेरच्या बोरीच्या झाडावर कापसाचे तंतू अडकले होते. फाटकावर नवी पाटी लावलेली होती, निळ्यावर पांढरी अक्षरं: 'येथे दोन नंबरचा माल योग्य भावात घेतला जाईल.' पाटीखाली भाऊ आणि बाई भांडत होते. रंगारी ब्रश हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

बाईंचं म्हणणं, हा शब्द काढ, 'दुय्यम प्रतीचा' लिही. उद्या पुण्याकडचा नवा साहेब रस्त्यानं जाईन अन् पाटी वाचूनच आत येईन. भाऊंचं म्हणणं, त्याच शब्दानं नाव गेलं होतं अन् त्याच शब्दानं परत आलं, आता हाच राहणार. 'दुय्यम' वाचून कोणता शेतकरी गाडी थांबवेल? येऊ द्या साहेबाले, पाणी पाजू. आतून सुमनताई ओरडून सांगत होत्या, की बाई, ऐकणार नाहीत ते, तुम्ही चहा घ्या.

बाईंनी दोन्ही हात वर केले. मग रंगाऱ्याच्या हातातून ब्रश घेतला, त्याचं लाकडी स्टूल ओढलं, पांढऱ्या बुटांसकट त्यावर चढल्या आणि 'दोन नंबरचा' आणि 'माल' यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, दाटीवाटीने, एक शब्द घुसवला: 'हलका'.

मी हाक मारली नाही. मला हाका मारायला अजूनही जमत नाही. बाई स्टुलावरून उतरल्या, काळ्या कोटाच्या बाहीला पांढरा रंग लागला होता. अक्षर सरळ आलंय का बघायला त्या एकेक पाऊल मागे जात थेट रस्त्याच्या मधोमध पोचल्या. मागून कापसाने भरलेली गाडी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला, आणि पाठीमागे हात करून गाडीवाल्याला खूण केली, की थांब जरा, वाचू दे.